पखुर्डी पाहिली असेल तर लिहा

थरच्या वाळवंटात हिंडलेल्या सगळ्यांना आग्रहाचं निमंत्रण. माळढोकाबद्दल आपण भरभरून बोलतो, पखुर्डी (सँडग्राउज, उघड्या कोरड्या जमिनीवर राहणारा पक्षी) मात्र 'कबुतरासारखं काहीतरी उडालं' एवढ्यावर राहते. जे पाहिलंत ते लिहा. फोटो नसला तरी चालेल.

*

जैसलमेरकडे एका नाडीवर, म्हणजे गावतळ्यावर, बसलो होतो. ऊन चांगलं वर आलं तेव्हा आधी 'कुट्-रो, कुट्-रो' ऐकू आलं, मग थवा दिसला. थेट पाण्यावर कोणी उतरेना. वर घिरट्या घातल्या, लांब उघड्या जमिनीवर उतरले, माना उंचावून पाहिलं आणि मग एकदम काठाशी. भराभर घोट घेतले की उडाले! खेजडीच्या झाडावर लग्गड ससाणा टपलेला होता.

*

मी पाहिलेला नर पाणी पिऊनही उडाला नाही. पोट बुडेल इतका आत गेला, पिसं फुलवून अंग हलवत राहिला. ते पाणी पिल्लांसाठी. बाप परतला की पिल्लं पोटाखाली शिरतात आणि ओली पिसं चोचीत धरून पितात. पक्षी पाळणारे इंग्रज अभ्यासक मीड-वाल्डो यांनी १८९६ मध्ये पाळीव पखुर्ड्यांवरून हे लिहिलं, तेव्हा अनेकांना पटलं नाही. १९६७ मध्ये केड आणि मॅक्लीन या पक्षीशास्त्रज्ञांनी आफ्रिकेच्या कालाहारी वाळवंटातल्या पखुर्ड्यांवरून ते पक्कं केलं. पोटावरच्या पिसांचे बारीक तंतू कोरडे असताना वेटोळून बसतात, भिजले की उलगडतात आणि पाणी धरून ठेवतात. हे वाचून माहीत होतं, तरी तो नर भिजलेलं पोट घेऊन उडाला तेव्हा डोळे भरून आले.

*

उंट चारणाऱ्या एका बाबांनी ओरणात (देवाच्या नावानं राखलेल्या रानात) अंडी दाखवली. घरटं कसलं, खड्यांमध्ये उथळ खळगा आणि त्यात तीन ठिपकेदार अंडी. दिवसा मादी बसते, रात्री नर. "लांबूनच बघा. ती उठली तर अंडी उन्हानं भाजतील," बाबांनी बजावलं.

*

हिवाळ्यात बिकानेरकडे काळ्या पोटाची पखुर्डी येते, मध्य आशियातून. बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्या काळात जवळच्या गजनेरला हिच्या मोठमोठ्या शिकारी होत.

*

एक कळकळीची विनंती. सुक्या बियांवर जगणाऱ्या या पक्ष्याला पाणी लागतंच. सकाळी नाडीच्या काठाला गाडी लावू नका. थवा बिचकला तर न पिताच फिरतो, आणि त्यात पिल्लांसाठी पाणी न्यायला आलेला नरही असू शकतो.