गराजच्या दाराच्या ओपनरसाठी छतावर आउटलेट काढायचा आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीत एडिसनजवळ जुनं घर घेतलंय, साठच्या दशकातलं. गराजचं दार अजून हाताने उचलावं लागतं. बायकोच्या खांद्याचं ऑपरेशन झालंय, नोव्हेंबरात आईबाबा साताऱ्याहून येतायत, म्हणून अर्ध्या हॉर्सपॉवरचा ओपनर आणून ठेवला. त्याची वायर जेमतेम तीन फूट, आणि छतावर आउटलेटच नाही. एक्स्टेंशन कॉर्ड वापरू नका, असं पुस्तिकेत ठळक छापलंय.

छतावर मधोमध दिवा आहे. ब्रेकर पाडून त्याचा बॉक्स उघडला. आत दोन केबल: एक पॅनेलकडून आलेली, दुसरी भिंतीवरच्या बटणाकडे जाणारी. या दुसरीतल्या पांढऱ्या वायरला काळी टेप गुंडाळली आहे. ब्रेकर परत चढवून मल्टिमीटर लावला, तर पॅनेलकडच्या केबलवर बटण बंद असतानाही 120 व्होल्ट. म्हणजे इथून कायम चालू राहणारा आउटलेट निघू शकतो. ब्रेकर 15 अँपचा, वायर 14 गेजची, ग्राउंडही आहे.

अडलंय ते जीएफसीआयपाशी, म्हणजे करंट गळला की क्षणात वीज तोडणाऱ्या आउटलेटपाशी. 2008 च्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये (इथली वायरिंगची नियमावली) गराजच्या छतावरच्या आउटलेटला असलेली सूट काढून टाकली, त्यामुळे तिथेही जीएफसीआय लागतोच. पण छतावरच बसवला तर ट्रिप झाल्यावर दर वेळी शिडी लावायची? कोडला तर रीसेटचं बटण सहज हाताशी हवं आहे.

दुसरा मार्ग असा: आतल्या दाराशेजारी भिंतीवर जीएफसीआय आउटलेट आहे, त्याच्या ‘लोड’ स्क्रूंवरून (पुढच्या आउटलेटला वीज देणारे) वायर वर न्यायची. अंतर साधारण 14 फूट, भिंतीच्या बाहेरून. त्याचा ब्रेकर 20 अँपचा आहे. यातलं कोणतं करू?

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बाबा निवृत्त वायरमन, त्यांना व्हिडिओ कॉलवर बॉक्स दाखवला. ते लगेच म्हणाले, “काळी न्यूट्रल आहे, ती राहू दे बाजूला, आधी फेज शोध.” काळजात धस्स झालं. इथे काळी वायर फेजची आणि पांढरी न्यूट्रल! आयुष्यभर आपल्याकडचं काम केलेल्या माणसाचा हात इथे सवयीनेच चुकेल. भारतातून नवीन आलेल्यांनी कृपया हे ध्यानात ठेवा.

प्रतिसाद:
भिंतीवरूनच घ्या, रीसेट हाताशी राहील. 20 अँपचा ब्रेकर आहे, तेव्हा वायर 12 गेजचीच (गेजचा आकडा लहान, तितकी वायर जाड). 14 अजिबात नको. भिंतीच्या बाहेरून जाणार म्हणून पाइपातून न्या. ‘लाइन’ (पॅनेलकडून वीज येते ते स्क्रू) आणि ‘लोड’ची गफलत होऊ देऊ नका. सगळं जोडल्यावर खालचं टेस्टचं बटण दाबा, वरचा आउटलेट बंद पडलाच पाहिजे. आणि टाउनशिपचं परमिट काढा. तुम्ही राहता त्या स्वतःच्या एककुटुंबी घरात हे काम तुम्हाला करता येतं, पण इन्स्पेक्टरने पाहीपर्यंत बॉक्सची झाकणं लावू नका.