मदत हवी आहे: पक्ष्यांच्या फोटोंसाठी कोणतं एसडी कार्ड घेऊ?

मंडळी, निकॉन डी७५०० साठी नवीन कार्ड घ्यायचंय. भिगवणला उडते रोहित (फ्लेमिंगो) टिपताना रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइल्समध्ये) सलग क्लिक केलं की बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, भरतो. कार्डावर लिहून होईपर्यंत थवा निघून जातो, फार जीव हळहळतो. पाकिटावर ठळक छापतात तो वाचण्याचा वेग. लिहिण्याचा बारीक अक्षरांत, नाहीतर नसतोच. कार्डावरची व्ही३० ही खूण म्हणजे लिहिण्याचा वेग सेकंदाला किमान ३० एमबी, फोर-के व्हिडिओला तेवढं पुरतं. पण बर्स्टला, म्हणजे सलग क्लिकला? कॅमेरा यूएचएस-१ (कार्डाच्या वेगाचं जुनं मानक) चाच, त्यामुळे त्याहून वेगवान यूएचएस-२ वर जादा पैसे घालावेत असं मला वाटत नाही. स्लॉटही एकच. मग २५६ जीबीचं एक घेऊ की १२८ ची दोन? प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी कृपया सांगा. आणि पुण्यात अस्सल कार्ड खात्रीने कुठे मिळेल?