पुणे ते नाशिक : लोणच्याच्या बरण्या आणि आरसा कसा न्यायचा?

कोथरूडची सून :
28 तारखेला बिऱ्हाड हलवतोय. फ्रिज-कपाटांचं काही वाटत नाही, जीव अडकलाय तो आजेसासूबाईंच्या दोन चिनी मातीच्या बरण्यांत. खाली पांढऱ्या, वर तपकिरी. मोठीत पाचेक किलो लोणचं मावतं, आत्ताही ती अर्धी भरलेली आहे. शिवाय शिसवी चौकटीचा आरसा. 2016 मध्ये घर बदललं तेव्हा पॅकिंगवाल्यांनी कपबशांच्या खोक्यावर इस्त्री ठेवली होती. सहातले दोन कप उरले! म्हणून या वेळी फुटणारं सगळं मीच बांधणार. तोंडावर दादऱ्याचं फडकं घट्ट बांधून बरणी लोणच्यासकट नेली तर चालेल का?

टेम्पोवाले नाना :
नाही चालणार, ताई. दादरा तेल अडवत नाही. आणि भरलेली बरणी आपल्याच वजनानं आपटते. लोणचं फिरकीच्या झाकणाच्या डब्यात काढा, बरणी धुऊन खडखडीत वाळवा. झाकण वेगळं गुंडाळा, बरणीवर ठेवून बांधलंत तर काठाचा टवका उडालाच समजा. मग प्लास्टिकच्या बादलीत तळाला जुनी चादर, मधे बरणी, चहूबाजूंनी कपडे ठासून. बादली हलवून बघायची. आत काही सरकलं, तर अजून दोन टॉवेल.

दुसरं, जागा. मी तीस वर्षं टेम्पो चालवला. मागच्या चाकांच्या मागे, फाळक्याकडे, सगळ्यात जास्त धक्के बसतात. हमाल मात्र नाजूक सामान शेवटी चढवतात, म्हणजे ते नेमकं तिथंच येतं. तुम्ही ते केबिनच्या पाठीशी ठेवायला लावा, हौद्यात उभं राहून. आरसा आडवा टाकू देऊ नका. दोन गाद्यांच्या मधे उभा, आणि दोरीनं कडेला बांधलेला.

कोथरूडची सून :
नाना, आरशावर चिकटपट्टीची फुली मारतात ती कशाला?

टेम्पोवाले नाना :
त्यानं फुटायचं थांबत नाही. फुटलाच तर तुकडे जागेवर राहतात, गादीत काचा शिरत नाहीत. शिसवी चौकटीला मात्र पट्टी लावू नका, पॉलिश निघून येईल.

डोंबिवलीचा हिशेबनीस :
बश्या आडव्या रचू नका, खोक्यात उभ्या लावा. रचल्या की खालचीवर सगळ्यांचा भार येतो. सोनेरी काठ असेल तर वर्तमानपत्र नको, शाई लागते. आधी कोरा कागद, मग वरून वर्तमानपत्र. खोकी लहानच घ्या. मोठं खोकं दिसलं की आपण भरत सुटतो आणि मग ते हमालाच्या हातून सुटतं.

आणि बिल्टीवर, म्हणजे वाहतूकदाराच्या मालाच्या पावतीवर, नुसतं 'घरगुती सामान' लिहू देऊ नका. 2007 च्या रस्ता वाहतूक कायद्यानुसार मालाची किंमत लिहून जादा जोखमीचा दर द्यायचं आधी स्पष्ट कबूल केलं नसेल, तर वाहतूकदाराची भरपाईची जबाबदारी मर्यादित राहते. चढवण्याआधी फोटो काढा.

कोथरूडची सून :
किंमत काय लिहू? बाजारात बरणी काही शेकड्यांत मिळेल. सासूबाई म्हणतात, "लिही एक लाख."

डोंबिवलीचा हिशेबनीस :
सासूबाईंना नमस्कार सांगा. पण बरण्या स्वतःच्या गाडीत, पायांशी घेऊन बसा. दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरचा तर प्रश्न आहे.

कोथरूडची सून :
पोचलो. मोठी बरणी बादलीसकट सासूबाईंच्या पायांशी होती. संगमनेरला चहाला उतरल्या तेव्हा लेकाला राखणीला बसवून गेल्या. लहान बरणी आणि आरसा नानांनी सांगितल्याप्रमाणे केबिनच्या पाठीशी. हमाल कुरकुरला, पण ठेवलं त्यानं. सगळं धड आहे. फक्त लोणच्याचा एक डबा टेम्पोत कलंडला आणि फिरकीच्या झाकणातूनही तेल झिरपलं, थेट नवऱ्याच्या ऑफिसच्या शर्टांच्या बॅगेत. हळदीचे डाग कशानं जातात, नाना?