मदत हवी आहे: एसी कॉन्ट्रॅक्टरच्या मुखत्यारपत्रात काय काय लिहून घ्यावं?

नमस्कार मंडळी. बाबांची नाशिकला एसीची प्रोप्रायटरी (एकट्याच्या मालकीची) फर्म आहे. डक्टिंगची, म्हणजे थंड हवा नेणारे मार्ग बसवण्याची कामं, शिवाय सरकारी कार्यालयांची वार्षिक देखभाल. त्यांची बायपास ठरली आहे, नंतर सक्तीची विश्रांती. तोवर सह्या मी करायच्या, म्हणून मुखत्यारपत्र करतोय.

सगळ्या व्यवहारांचं कुलमुखत्यारपत्र नको, असं माझं मत. फक्त टेंडर भरणं, मेजरमेंट बुक (झालेल्या कामाच्या मोजमापांची नोंदवही) आणि बिलांवर सही, अनामत रक्कम परत घेणं, गॅस-कॉम्प्रेसरची खरेदी एवढंच खास मुखत्यारपत्रात घालावं. जीएसटीसाठी पोर्टलवर अधिकृत स्वाक्षरीकर्ता म्हणून माझं नाव जोडता येतं आणि ई-टेंडरला डिजिटल सही माझ्याच नावाची काढावी लागेल, हे कळलंय.

अडलंय ते पुढे. जागेचा व्यवहार नाही, मग नोटरी पुरते की कार्यालयं नोंदणीकृतच मागतात? बँक असं पत्र मानते का, की स्वतःचाच नमुना भरायला लावते? आणि खरी काळजी ही, की देणारा हयात नसेल किंवा त्याची मानसिक क्षमता गेली तर आपल्या कायद्यात मुखत्यारपत्र साधारणपणे संपतं. तेव्हा ऑपरेशनआधीच भागीदारी करून घ्यावी का? पण मग चालू कंत्राटांचं काय? कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.