आपल्याकडे मधमाश्यांची उपासमार पावसाळ्यात, थंडीत नाही

एकांनी विचारलंय की युरोपातल्या व्हिडिओत दाखवतात तसा थंडीत मधमाश्यांना दोनास एक, म्हणजे दोन भाग साखर नि एक भाग पाणी, असा घट्ट पाक द्यायचा का. अहो ते तिकडच्या मेलिफेरासाठी, म्हणजे युरोपियन मधमाशीसाठी, बाहेर बर्फ असतो, माश्या एकमेकींना चिकटून गोळा होऊन बसतात आणि साठवलेल्या मधावर महिनोन्‌महिने काढतात, म्हणून पाकसुद्धा थंडी पडायच्या आधीच पाजून घेतात. आपल्या सह्याद्रीत सातेरीचे, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीचे, खरे हाल होतात जून ते सप्टेंबर, पाऊस थांबत नाही, माशी बाहेर पडू शकत नाही आणि फुलंही फारशी मिळत नाहीत.

मी साखर आणि पाणी सारखं घेतो, कोमट करून विरघळवतो, वाटीत ओतून वर गवताच्या काड्या टाकतो नाहीतर माश्या बुडून मरतात. द्यायचं संध्याकाळी, अंधार पडताना, आणि सगळ्या पेट्यांना एकाच दिवशी, कारण एकीलाच दिलं की शेजारच्या पेट्यांतल्या माश्या लुटायला येतात आणि कमजोर वसाहत त्यातच संपते. थोडंथोडं द्या, दमट हवेत उरलेला पाक आंबतो. गूळ अजिबात नको, हगवण लागते.

आणि प्लीज रिकाम्या फ्रेम (पोळं बांधायच्या चौकटी) काढून ठेवा, माश्या कमी झाल्या की त्यात मेणकिडा, म्हणजे पोळ्याचं मेण खाणारी अळी, शिरतो, मग सातेरी घर सोडून जाते. गेल्यावर उघडलेली ती पेटी, जाळ्यांनी भरलेली, बघवत नाही हो.

फुलोरा सुरू झाला की मात्र पाक लगेच बंद, नाहीतर साखरच मधात उतरेल.