मॅटीवर बायबलचे वचन दोऱ्याने भरायचे आहे. सोबत मरियेचा चेहरा भरावा का?

चाफा (पुणे)

सर्वांना जय ख्रिस्त. माझे माहेर नगरचे, प्रॉटेस्टंट; सासर वसईचे, कॅथलिक. माहेरी ओसरीवर आजीने मॅटीच्या (चौकटी मोजून टाके घालता येतात अशा विणीच्या) कापडावर लाल दोऱ्याने भरलेले ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे वचन काचेच्या चौकटीत लावलेले होते. ते जुने घर उतरवले तेव्हा ती चौकट मी मागून घेतली; पण उघडून पाहिली तर ओल लागून कापड काचेला चिकटलेले होते आणि ‘मेंढपाळ’ या शब्दाखाली बोट लावताच तेथील धागे भुग्यासारखे सुटून आले. नाताळापूर्वी तेच वचन मला स्वतःच्या हाताने पुन्हा भरायचे आहे. छापील तसबीर सहज मिळेल, पण आजीने ज्या वचनावर कित्येक संध्याकाळी मान घालून काम केले, ते वचन तितकाच वेळ माझ्याही हाताखालून जावे अशी माझी इच्छा आहे.

अडचण अशी की वचनाखाली मरिया आणि बाळ येशू असावेत असे सासूबाईंना मनापासून वाटते, कारण त्यांच्या घरी अल्तारासमोर (घरातल्या वेदीसमोर) रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ, होते. माझ्या मनावर मात्र कोरीव मूर्ती न करण्याची बायबलमधली आज्ञा लहानपणापासून ठसलेली आहे. मी पूजेसाठी काही करत नाही हे मला कळते, तरीही चेहऱ्याचा पहिला टाका घालताना हात थांबतो. आपण काय कराल? आणि मॅटीवर देवनागरी अक्षरे नीट कशी येतात, हेही कोणी सांगावे.

जुनी सुई

अक्षरांपुरते मी सांगते, कारण लग्नाआधीपासून मी फुलीचा टाका घालते आहे. आधी चौकटीच्या (आलेखाच्या) कागदावर, एक चौकट म्हणजे एक फुली असे धरून, संपूर्ण वचन लिहून काढा आणि कापडाचा मध्य काढून तेथून दोन्हीकडे जा. डावीकडून सुरुवात केली की शेवटचा ‘आहे’ हमखास कडेला चेपला जातो. शिरोरेषा शब्दागणिक तोडा, नाहीतर सगळे वचन एका काठीला टांगल्यासारखे दिसते. ‘मेंढपाळ’मधला ढ सर्वांत त्रास देतो. कमी चौकटींत त्याची आतली गाठ बसत नाही आणि तो ट वाचला जातो, म्हणून अक्षराची उंची शिरोरेषेखाली किमान नऊ चौकटी ठेवा. अनुस्वाराला एकच फुली पुरते. प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेने पडला पाहिजे. तसे न झाल्यास दिव्याच्या उजेडात ती जागा डागासारखी दिसते.

लाल दोरा वापरणार असाल तर त्याचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात रात्रभर गुंडाळून ठेवा आणि रंग सुटत नाही ना ते पाहा. आजींच्या चौकटीचे जे झाले ते टाळायचे असेल तर काच आणि कापड यांच्यामध्ये पुठ्ठ्याची जाड किनार घालून फट ठेवा, आणि ती चौकट पावसाची ओल येणाऱ्या भिंतीवर कधीही लावू नका.

उपासक

मी पाळक (चर्चचा धर्मगुरू) आहे, म्हणून आज्ञेविषयी लिहितो. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या 20व्या अध्यायात मूर्ती करू नये, तिच्या पाया पडू नये, असे सांगितले आहे. आणि त्याच पुस्तकाच्या 26व्या अध्यायात निवासमंडपाच्या (देवाच्या उपासनेच्या तंबूच्या) अंतरपटावर करूब, म्हणजे पंख असलेले स्वर्गीय जीव, काढावेत असेही सांगितले आहे, तेही कापडावरच. पुढे 31व्या अध्यायात बसालेल या कारागिराला देवाच्या आत्म्याने भरून कारागिरीचे कौशल्य दिल्याचे आपण वाचतो, आणि 35व्या अध्यायात निळे, जांभळे व किरमिजी सूत आपल्या हातांनी कातून आणणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख येतो. हा वाद आपल्या दोन घरांपुरता नाही. आठव्या शतकात दमास्कसच्या योहान या धर्मपंडिताने प्रतिमांची बाजू मांडली, ती याच आधारावर की देव ख्रिस्तामध्ये देह धारण करून दृश्य झाला. आणि 787 च्या निकायाच्या धर्मसभेने प्रतिमेला दिला जाणारा मान आणि केवळ देवालाच द्यायची भक्ती यांत भेद केला.

असे असले तरी आपला हात थांबतो याला मी कमी लेखणार नाही. नगरला 1831 पासून काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत भिंतीवर चित्राऐवजी वचन आले, आणि त्या वचनाने पिढ्या घडवल्या. सद्सद्विवेकाविरुद्ध घातलेला टाका प्रार्थना होत नाही, असे माझे मत आहे. सासूबाईंशी आधी बोला.

मांडवीकाठ

चेहरा कसा असावा, याचाही विचार करावा. गोव्यात जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका (1902–1967) शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकले आणि त्यांनी साडी नेसलेली मरिया रंगवली. गोव्यात त्यावरून विरोध झाला, तेव्हा ते पुण्यात, ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात येऊन राहिले आणि तेथेच अनेक वर्षे रंगवत राहिले. पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात त्यांची चित्रे आहेत. त्यांची मरिया डोक्यावर पदर घेतलेली, सावळी, शेजारच्या घरातून आल्यासारखी असते. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्तीला अभंगाची वाट दिली, हे नगरच्या मुलीला मी सांगायला नको. सुईलाही ती वाट मोकळी आहे. युरोपातील छापील चित्राची नक्कल करू नका, एवढीच माझी विनंती आहे.

जुनी सुई

एक राहिले. मॅटीवर एवढ्या लहान आकृतीत चेहऱ्याला जेमतेम सहा-सात चौकटी मिळतात, आणि त्यांत डोळे-नाक घालायला गेलात तर मुखवटा होतो. मी असे चेहरे कोरेच ठेवते. पदराची कड आणि मानेचा कल नीट आला की ती आई आहे हे कळते.

चाफा (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. काल सासूबाईंजवळ बसून आजीचे जीर्ण कापड त्यांना दाखवले आणि माझ्या मनातील अडचण प्रथमच स्पष्ट बोलले. त्यांनी बराच वेळ त्या कापडाची मागची बाजू पाहिली, कारण तेथे दोऱ्याचा मूळ लाल रंग अजून शाबूत आहे. वचन मोठे, त्याखाली पदर घेतलेली मरिया आणि तिच्या कडेवर बाळ, दोघांचेही चेहरे कोरे, असे आमचे ठरले आहे. पदराची हिरवी किनार त्या स्वतः भरणार आहेत. त्यांना बारीक दिसत नाही, म्हणून मी कापडावर आधी पेन्सिलीने खुणा करून देईन. ढ मात्र मी रात्री तीनदा उसवला. चौथ्यांदा दहा चौकटींची उंची घेतली, तेव्हा तो ढ वाचता आला.