ठाण्यातला डिसेंबर आणि तीन चिमुरडी

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात तीन आठवडे ठाण्याला आईकडे चाललोय. लेक चार वर्षांची. ऐरोलीची दोन भाचरं सोबत असतील, एक तीनचं, एक पाचचं. इथे ओस्लोत बालवाडीवाले बर्फातसुद्धा मुलांना रोज बाहेर काढतात, त्यामुळे तिला घरात करमतच नाही. तिकडे एक दिवस तिघांना उघड्यावर न्यायचंय. सकाळी येऊरचा डोंगर आणि दुपारी ऐरोलीची खाडी, जमेल का?

*

अगं, दोन्ही मुळीच नको. मी नौपाड्यात बावीस वर्षं बालवाडी चालवली. येऊर सुंदरच, पण एवढ्या लहानांना मी खाडीवर नेईन. चढ नाही, आणि बघायचं ते सगळं त्यांच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रापाशी खारफुटी अगदी जवळून दिसते.

ओहोटीला जा. कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे ओहोटी सकाळी नऊच्या सुमारास. खाडीत आत थोडी उशिरा.

फ्लेमिंगोंच्या मागे लागू नकोस. डिसेंबरात ते नुकतेच यायला लागलेले असतात, ते दाखवणाऱ्या बोटीची वेळ भरतीवर ठरते, आणि लांबवरची गुलाबी रेघ तीन वर्षांच्या मुलाला काय कळणार! त्यापेक्षा खारफुटीतल्या तिवराच्या झाडाची मुळं दाखव, चिखलात पेन्सिली रोवल्यासारखी उभी असतात. चिखलात हवा नसते, म्हणून झाड त्यांतून श्वास घेतं. पानांवर मिठाचे बारीक कण दिसतात. ते बघून माझ्या वर्गातला एक जण म्हणाला होता, "बाई, झाडाला घाम आलाय." मी ते वाक्य तसंच फळ्यावर लिहिलं. आणि निवटी! परांवर सरपटत चिखलात फिरणारा मासा. ती दिसली की तिथेच बसा, नाव सगळ्यात शेवटी सांग.

बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच कुरणशाळा काढली. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात गेली. तेव्हा तूही मुलांच्या मागून चाल.

कानटोपी नऊपर्यंतच, मग ऊन चटकतं. डासांचं मलम विसरू नकोस.
– काकू

*

काकू, काल जाऊन आलो. संकष्टीच गाठली! सव्वानऊला पाणी पार उतरलेलं होतं. निवटी दिसली आणि तिघं उकिडवी बसली ती पाऊण तास. लेक म्हणाली, "पाय नाहीत तरी चालतोय हा मासा." पाच वर्षांच्या भाच्याने विचारलं, पाणी आल्यावर ती कुठे जाते? मी चिखलातली बिळं दाखवली, तर प्रत्येक बिळापाशी थांबून तो "घरी आहेस का?" विचारत सुटला. फ्लेमिंगोंचं कोणी नावही काढलं नाही.

उपवास आईचा, पण डब्यातली साबुदाण्याची खिचडी मुलांनीच संपवली. पुढच्या आठवड्यात येऊर. तिथे काय दाखवू, तेही कळवा.